परदेशातल्या बागेतली रिकामी दुपार, आणि आपल्याकडं तशी जागा कुठं?

पोवईनाका | रविवार, संध्या. ७.४०

नमस्कार मंडळी. मूळचा सातारचा, सध्या पोटापाण्यासाठी म्युनिकमध्ये.

आज दुपारी जेवण आटोपून इंग्लिश गार्डनमध्ये गेलो आणि उजेड असेपर्यंत तिथंच बसलो. नुसता बसलो. पुस्तक नेलं होतं, ते पिशवीतून बाहेर आलंच नाही. आल्प्सकडून येणारा तो कोरडा, उबदार वारा (इथं त्याला फ्योन म्हणतात) सुटला होता, त्यामुळं ऑक्टोबर असूनही जाकीट काढून कंबरेला बांधावं लागलं. या दिवसांत इकडं सूर्य डोक्यावर येतच नाही. दोन वाजतासुद्धा ऊन तिरकं, फांद्यांच्या खालून आत शिरणारं. बीचची पानं तांबूस झालीत, मेपल पिवळेधमक. मोनोप्टेरोस नावाची गोल खांबांची एक छत्री टेकाडावर आहे, तिच्या उतारावर माणसं पसरली होती. एक आजोबा तोंडावर टोपी घेऊन झोपलेले. एक तुर्की कुटुंब चहाचं दुमजली भांडं घेऊन आलेलं, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेलं. पोरं पानांच्या ढिगात उड्या मारत होती आणि कुणाचं तरी कुत्रं त्यांच्यामागून.

कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. मलाही नाही.

तर प्रश्न असा. डिसेंबरात घरी येतोय. सातारा किंवा सांगलीकडं (सासरवाडी तिकडची) अशी दुपार घालवायची तर कुठं बसायचं? घरात नाही, हॉटेलात नाही. उघड्यावर, झाडाखाली, आणि 'इथं काय करताय?' असं कोणी येऊन विचारणार नाही अशी जागा. माझं मत विचाराल तर आपल्याकडं बागा आहेत, पण बसणं नाही. बागेत आपण चालायला जातो, पोरांना खेळवायला जातो, फोटो काढायला जातो. बसायला जात नाही.

वाईफाय | रविवार, संध्या. ७.५२

शेवटच्या तीन वाक्यांवर शंभर प्रतिसाद कुठं गेले नाहीत. चहा टाकतो.

यादोगोपाळ | रविवार, रात्री ८.३०

पोवईनाका, रागावू नका, पण ऑक्टोबरात दुपारी दोन वाजता साताऱ्यात झाडाखाली बसून दाखवा. पाऊस नुकता गेलेला, जमीन वाफ सोडतेय, डास अजून मुक्कामाला. तुमच्याकडं ऊन चार दिवसांचं पाहुणं, म्हणून माणसं अंथरूण टाकून त्यात पडतात. आमच्याकडं ऊन चुकवायचं असतं. पालिकेची बाग दुपारी कुलूपबंद असते ती काही लोकांच्या द्वेषापोटी नव्हे, दुपारी तिथं कोणी फिरकत नाही म्हणून.

आणि बसणं नाही कसं? संध्याकाळी राजवाड्यासमोर गोलबागेपाशी या. आम्ही निवृत्त लोक रोज असतो. दिवाबत्ती होईपर्यंत हलत नाही.

पोवईनाका | रविवार, रात्री ८.४४

काका, ते बसणं वेगळं. तुम्ही तिथं राजकारण करता.

यादोगोपाळ | रविवार, रात्री ८.४७

मग काय झाडं मोजू?

शेतकीवाला | रविवार, रात्री ९.१५

दोघांचं खरं आहे, कारण दोन्हीकडचं ऋतुमानच उलटं आहे. तिकडं पानं गळतात ती उजेड आणि ऊब कमी होते म्हणून. दिवस लहान झाला की पान नवं हरितद्रव्य बनवायचं थांबवतं, त्यातला नत्र झाड खोडात ओढून घेतं आणि मग देठाशी वेगळा थर तयार होऊन पान सुटतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेला की तो उघडा पडतो. लाल मात्र त्या वेळी नव्यानं बनतो. दिवसा चांगलं ऊन आणि रात्री गारठा असेल त्या वर्षी लाल जास्त चढतो.

आपल्याकडची पानगळ ही पाण्याची टंचाई. साग, ऐन वगैरे माघ-फाल्गुनात पानं टाकतात, बाष्प वाचवायला. त्यामुळं रंग बघायचे असतील तर साताऱ्यात ऑक्टोबरात नव्हे, होळीच्या आसपास या. घाटाकडेला कुसुमाच्या झाडाला नवी पालवी फुटते ती लालभडक असते. तिकडं जाता जाता लाल, इकडं येता येता लाल. फरक इतकाच की ते बघायला आपल्याकडं कोणी चटई घेऊन जात नाही, कारण तेव्हा ऊसतोड नाहीतर मार्चएंड.

विश्रामबागवाली | रविवार, रात्री ९.४०

माझं माहेर सांगली, आता लंडन. पोवईनाकांच्या 'कोणी विचारणार नाही'वर थोडं बोलायचंय, कारण हा मुद्दा पुरुषांनी लिहिला की हलका वाटतो.

रिचमंड पार्क मला जवळ आहे. साडेनऊशे हेक्टरांची जागा, सतराव्या शतकात पहिल्या चार्ल्स राजानं शिकारीसाठी भिंत घालून घेतलेली, आत आजही सहाशेवर हरणं मोकळी. ऑक्टोबरात नर माजावर असतात, शिंगाला शिंग लावून लढतात, अशा ओरडतात की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पन्नास मीटर लांब राहा म्हणून पाट्या असतात. मी एका ओकखाली बाकावर एकटी बसते. डबा खाते, कधी डुलकी काढते. चाळिशीतली बाई भर दुपारी बागेत एकटी झोपलीय, यात कुणाला काही वाटत नाही.

हेच मी सांगलीच्या आमराई बागेत केलं तर? अर्ध्या तासात कोणीतरी ओळखीचं येणार. 'अगं, इथं? एकटीच? सगळं बरंय ना घरी?' संध्याकाळपर्यंत आईला फोन. वाईट हेतूनं नव्हे, काळजीनंच. पण त्या काळजीनं दुपार संपते.

हळदपेव | रविवार, रात्री ९.४८

+१. आणि ओळखीचं नाही आलं तर अनोळखी येतं, ते जास्त त्रासाचं.

परत_आलेली | रविवार, रात्री १०.२०

विश्रामबागवाली, पटलं. तरी दुसरी बाजू सांगते. मी टोरंटोत बरीच वर्षं काढून साताऱ्याला परत आले. हाय पार्कमध्ये शरदातल्या कितीतरी दुपारी काढल्यात. काळ्या खारी ओकची फळं पुरत फिरायच्या, मी बघत बसायचे. सुंदरच होतं. पण तिथं मी जायचे कारण रविवारी माझ्या घरात फोन वाजत नव्हता. कोणी विचारत नाही हे सुख आहेच, फक्त ते कोणी विचारत नाही म्हणूनच मिळालेलं असतं. मंगळवारी ताप आला तेव्हाही कोणी विचारलं नाही.

इथं आल्यावर पहिल्या महिन्यात चौकश्यांनी जीव नकोसा झाला होता. आता उत्तर ठरवून टाकलंय. 'काय करताय इथं?' 'बसलेय.' दोन-तीनदा तेच ऐकलं की माणसं सवय करून घेतात.

वाईफाय | रविवार, रात्री १०.२४

'बसलेय' हे उत्तर आमच्या वाईत चालणार नाही. तिथं पुढचा प्रश्न 'कुणाची वाट बघताय?'

रोखठोक_कराडकर | सोमवार, सकाळी ७.०५

परदेशात जाऊन बागेत बसलं की लगेच आपल्या लोकांना बसता येत नाही हा शोध लागतो. दुपारी झाडाखाली बसणारी माणसं बघायची असतील तर एसटी स्टँडच्या बाहेर बघा. हमाल बसलेत, रिक्षावाले बसलेत. बांधावर जा, भाकरी खाऊन लिंबाखाली बायका टेकल्यात. शेरडं राखणारा तर अख्खी दुपार बसतो. त्यांना तुम्ही रिकामटेकडे म्हणता आणि स्वतः बसलात की ते रिलॅक्स होणं. जागा नाही हे खोटं. तुमच्या वर्गाच्या माणसाला तिथं बसायची लाज वाटते, एवढंच.

पोवईनाका | सोमवार, सकाळी १०.३०

कराडकर, फटका बसला, मान्य. पण रिक्षावाला स्टँडवर बसतो तो गिऱ्हाइकाची वाट बघत. हमालही. शेरडं राखणं हे कामच आहे. मी म्हणतोय ते कशाचीही वाट न बघता बसणं. ते त्या हमालालाही परवडायला हवं, आणि ते न परवडणं हा माझ्या लाजेपेक्षा मोठा प्रश्न आहे.

फलटण_ते_फ्रँकफर्ट | सोमवार, सकाळी ११.१०

म्युनिककर, एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. काल तुम्ही बागेत गेलात कारण दुसरं काही करायची सोयच नव्हती! जर्मनीत रविवारी दुकानं बंद. भिंतीला ड्रिल मारता येत नाही, गवत कापायचं यंत्र चालवता येत नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या कचरापेटीत टाकल्या तरी शेजारी खिडकीत येतो. रविवारची विश्रांती तिथं घटनेत आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेनं जसंच्या तसं उचललंय. मग माणूस करणार काय? बागेत जाणार.

आपला रविवार म्हणजे दळण, गॅसवाला, एक वास्तुशांत, एक साखरपुडा आणि 'आलोच होतो इकडं तर म्हटलं डोकवावं' म्हणून टपकलेले पाहुणे.

वाईफाय | सोमवार, सकाळी ११.१४

घटनादुरुस्ती करा. रविवारी पाहुण्यांना बंदी.

दप्तरखाना | सोमवार, दुपारी १.००

थोडा इतिहास. इंग्लिश गार्डनची आज्ञा निघाली १७८९च्या ऑगस्टमध्ये. पॅरिसात राज्यक्रांतीत बॅस्टिलचा तुरुंग पडून एक महिना झाला होता, तेव्हा सरदारांची शिकारीची जागा लोकांसाठी मोकळी करणं हे बव्हेरियाच्या कार्ल थिओडोरला शहाणपणाचं वाटलं असावं (हा माझा तर्क). कल्पना बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फोर्डची. हा जन्मानं अमेरिकन. त्याला आधी हव्या होत्या सैनिकांसाठी मळ्याच्या जागा. शांततेच्या काळात शिपायांनी भाजीपाला पिकवावा, बटाटा लावायला शिकावं. त्यातूनच बाग वाढली. याच गृहस्थानं म्युनिकच्या तोफखान्यात तोफेला भोक पाडताना ती सतत तापत राहते हे बघून, उष्णता म्हणजे कुठला पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे, असं १७९८ मध्ये मांडलं.

त्याच १७८९ साली साताऱ्यात धाकटे शाहू महाराज गादीवर होते आणि कारभार पुण्याहून चालत होता. लोकांसाठी बाग वगैरे कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. पण अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची 'चार भिंती' ही जागा बघा. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ती जागा बांधून घेतली असं सांगतात. पुढं तिथं १८५७च्या हुतात्म्यांचं स्मारक झालं. विश्रामबागवालींच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे. बायकांनी निवांत बसून बघायची जागा, तीही चार भिंतींच्या आत.

विश्रामबागवाली | सोमवार, दुपारी १.२०

दप्तरखाना, या शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला एक कंदी पेढा.

स्टुटगार्टची_सून | सोमवार, दुपारी २.४५

अवांतराबद्दल माफी. इथं बागेत तपकिरी चकचकीत चेस्टनट ढिगानं पडलेत. बाजारात भाजलेले मिळतात तेच ना हे? सासूबाई आल्यात, त्यांना भाजून द्यायचा विचार आहे.

फलटण_ते_फ्रँकफर्ट | सोमवार, दुपारी २.४८

थांबा!!! ते खायचे नाहीत. बागेत, बिअरगार्डनमध्ये असतात ते बहुतेक हॉर्स चेस्टनट, विषारी. टरफलावर थोडे, जाड, तोकडे काटे आणि आतलं फळ गोल गुळगुळीत असेल तर तेच. खायच्या चेस्टनटचं टरफल बारीक काट्यांनी गच्च भरलेलं असतं, हातात धरवत नाही, आणि फळाला एका टोकाशी छोटी शेंडी असते. सासूबाईंसाठी बाजारातलेच आणा, घरचं वातावरण चांगलं राहील.

विश्रामबागवाली | सोमवार, दुपारी ३.०५

आणि लंडनमध्ये कोणी असेल तर रिचमंडमध्ये खायचे चेस्टनटसुद्धा उचलायला बंदी आहे, अळंबीही. हरणांचा वाटा आहे तो.

शेतकीवाला | सोमवार, दुपारी ३.३०

त्या हॉर्स चेस्टनटची पानं ऑगस्टपासूनच करपल्यासारखी दिसतात ना? तो शरद नव्हे, कीड आहे. आपल्या टोमॅटोवर नागअळी येते त्यातलाच प्रकार, पानाच्या आत बोगदे करणारी. १९८०च्या दशकात मॅसेडोनियातल्या ओह्रिड तळ्याकाठी पहिल्यांदा दिसली, तिथून युरोपभर गेली. कोष गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून तिथं चेस्टनटखालची पानं झाडून उचलून नेतात.

पोवईनाका | सोमवार, संध्या. ६.१५

चेस्टनट निघालाच आहे तर सांगतो. बव्हेरियात बिअर उन्हाळ्यात गार राहावी म्हणून जमिनीखाली तळघरं खणायचे आणि वर ही झाडं लावायचे. पान रुंद, सावली दाट, मुळं उथळ, त्यामुळं तळघराच्या छताला धोका नाही. लोक त्या सावलीत बसून प्यायला लागले. खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजानं तोडगा काढला: बिअर विका, पण पाव सोडून खायला काही विकायचं नाही. मग लोक घरून डबा आणू लागले. ती चाल अजून आहे. इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखालच्या बिअरगार्डनमध्ये (मनोरा लाकडी, पंचवीस मीटर उंच, १९४४ मध्ये जळला, १९५२ मध्ये परत बांधला) ज्या टेबलांवर कापड नाही तिथं घरचा डबा उघडून बसा, कोणी हटकत नाही. पेय मात्र त्यांचंच घ्यायचं. मी सासरहून आलेलं भडंग नेतो. शेजारच्या टेबलावरचे जर्मन वास घेऊन चौकशी करतात.

वाईफाय | सोमवार, संध्या. ६.१८

म्हणजे तिथं विचारतात! धागा बंद करा.

मिरजेचा_तंबोरा | सोमवार, संध्या. ६.२५

सासरहून म्हणजे सांगलीचं? खरं भडंग जयसिंगपूरचं. नोंद असावी.

हळदपेव | सोमवार, संध्या. ६.२७

तंबोरे, जुळवा आधी. लसूण कुठं जास्त पडतो ते बघा आणि मग बोला.

सांगलीचा_पाव्हणा | सोमवार, रात्री ८.००

पोवईनाका, इंग्लिश गार्डनचं वर्णन गोड केलंत, पण उन्हाळ्यात तिथल्या एका कुरणावर लोक कपड्यांविना ऊन खात पडलेले असतात, हे सोयीस्करपणे गाळलंत. आमचे आई-वडील आले होते, त्यांना घेऊन निघालो आणि वाटेतच ते कुरण. आई म्हणाली, 'ह्यांना सर्दी होत नाही का?' वडील चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच होते. घरी आल्यावर नातेवाइकांना सांगितलं, 'बाग चांगली आहे, मोकळी आहे.'

यादोगोपाळ | सोमवार, रात्री ८.०६

कुठल्या बाजूला आहे म्हणालात कुरण? माहितीसाठी विचारतोय.

परत_आलेली | सोमवार, रात्री ८.०८

काका, गोलबाग पुरे तुम्हाला.

कुपवाडकर_टोकियो | मंगळवार, सकाळी ६.३०

इकडचं थोडक्यात. शिंजुकु ग्योएन बागेत पाचशे येन तिकीट, दारूला बंदी, आणि या दिवसांत साडेचारला बाहेर काढतात. शिस्तीत निवांत व्हायचं. नोव्हेंबरअखेर गिंकोची झाडं सोन्यासारखी पिवळी होतात, फोटोत दिसतं ते खरंच तसं असतं. फोटोत वास येत नाही, एवढंच. मादी झाडाची फळं पायाखाली फुटली की नाक धरून पळावं लागतं.

विश्रामबागवाली | मंगळवार, सकाळी ११.००

बाकांबद्दल राहिलंच. लंडनच्या बागांत बाकावर छोटी पाटी असते: अमक्याला ही जागा फार आवडायची. गेलेल्या माणसाचं नाव. आपल्याकडं निवडून आलेल्याचं.

रोखठोक_कराडकर | मंगळवार, सकाळी ११.०२

हे मात्र पटलं. आणि तेही पाठ टेकायच्या जागी, उठावाच्या अक्षरात, टोचेल असं.

परत_आलेली | मंगळवार, दुपारी ४.१०

मूळ प्रश्नाला आत्तापर्यंत कोणी उत्तर दिलेलं नाही. मी देते.

डिसेंबरात साताऱ्यात दुपार ही बसायचीच वेळ आहे, काकांचा ऑक्टोबर विसरा. संगम माहुलीला जा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे दगडी घाट, वर देवळं. तीनच्या सुमाराला पायऱ्यांवर ऊन असतं आणि वारा नदीवरून येतो. दशक्रियेची गडबड सकाळी असते, दुपारी घाट रिकामा. पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला तिथं कोणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं याचं काहीतरी असेल. दुसरी जागा यवतेश्वरच्या पुढं, कासच्या रस्त्यावर. कासची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा गर्दी असते. डिसेंबरात पठार वाळलेलं, पिवळं गवत आणि गाड्या कमी. सावली शोधावी लागेल, पण त्या थंडीत नकोच असते. एकटी बाई म्हणून सांगते, माहुलीला मी एकटी जाते. कासच्या रस्त्याला नाही.

हरिपूरचा_बाळू | मंगळवार, संध्या. ५.००

सांगलीत असाल तर सरळ हरिपूरला या. कृष्णा आणि वारणा भेटते तिथं संगमेश्वराचं देऊळ, काठावर झाडं. सोमवार सोडून या, सोमवारी देवदर्शनाला गर्दी. येताना हळदीच्या पेवांची जागा कुणालाही विचारा. जमिनीखाली हळद साठवायचे, २००५च्या पुरात बरीच पेवं गेली. आमराईही चांगली, संस्थानच्या काळातली झाडं, पण तिथं सकाळी चालणाऱ्यांचं राज्य. दुपारची वेळ काय ते आधी बघून या.

आणि कोणी आलंच विचारायला, तर माझं नाव सांगा. बाळूकडं आलोय म्हणा. पुढचं मी बघतो.

पोवईनाका | मंगळवार, संध्या. ५.२५

बाळूभाऊ, म्हणजे ओळख लागणारच!

परत_आलेली, फार आभार. माहुली लहानपणी फक्त कुणी गेलं की बघितलेली. बसायला म्हणून जायचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही करतो. सातारहून सांगलीला कोयना एक्सप्रेसनं येऊ का?

यादोगोपाळ | मंगळवार, संध्या. ५.४०

कोयना मुंबईहून येते, साताऱ्यालाच दुपार टळते. सांगलीत उतराल तेव्हा अंधार. शिवाय सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीकडं, रिक्षाचे पैसे वेगळे. सकाळची एसटी धरा, कराडवरून. जेवायच्या आत हरिपूर.

रोखठोक_कराडकर | मंगळवार, संध्या. ५.४४

कराडला उतरून चहा घ्यायचा. प्रीतिसंगमाची बाग कुणी काढलीच नाही इथं, कोयना-कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात आणि तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी. दुपारी उघडी असते का ते उद्या जाऊन बघून सांगतो.

मिरजेचा_तंबोरा | मंगळवार, संध्या. ६.००

भडंगाचा वेगळा धागा काढलाय. शेंगदाणे तळलेले की भाजलेले यावर हळदपेव तिथं एकट्याच लढतायत, कुणीतरी या.